न निवडलेली मोहरी

आमच्या घरात मोहरी फेसायचं काम अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन उदगीरजवळच्या या गावात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि थोरले दीरही आदल्याच वर्षी गेलेले. घरात सासरे, अक्का, माझा नवरा आणि आता मी, एवढीच माणसं. अक्काची एकुलती एक मुलगी लातूरला दिलेली. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो.

माझं माहेर हदगावचं. तिकडंही मोहरी फेसतात. माझी माय मोहरीची डाळ पाट्यावर चार थेंब पाण्यात वाटायची, मग परातीत घेऊन तळहातानं गोल गोल फिरवत राहायची. पांढरट फेस आला आणि नाकात झिणझिण्या गेल्या की झालं. पण ती काकडीच्या कोशिंबिरीपुरती, नाहीतर आंब्याच्या लोणच्यात थोडी. अक्काची गोष्ट निराळी होती. तिचं माहेर बीदरकडचं. मोहरीला ती सासवी म्हणायची, आणि तिच्या हातची सासवी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी ताटावरून उठून अंगणात गेले होते. डोळ्यांतून पाणी थांबेना. आत मामा हसत होते.

दुकानातली बारीक काळी राई आणि आमच्या शेतातली मोठी लालसर मोहरी, या दोन्ही ती मिसळायची. बारीक राई लवकर चढते आणि लवकर उतरते, लाल मोहरी सावकाश येते पण डोक्याच्या मागल्या बाजूपर्यंत जाते, असं तिचं म्हणणं. पिवळी मोहरी ती घेतच नसे. "ती नुसती दिसायला," म्हणायची. पाणी माठातलंच लागायचं. "कोमट पाणी लागलं की ती मेली. मग नुसता कडूपणा उरतो." फेसून झाल्यावर परात झाकून ठेवायची, थोडा वेळ कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि मीठ सगळ्यात शेवटी घालायची.

मामांचा त्या मोहरीवर फार जीव. ज्वारीची भाकरी, दही आणि वर बोटभर फेसलेली मोहरी. खाताना डोळ्यांतून धारा लागायच्या, उपरण्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "हां! आता डोकं उघडलं." गावात कुणाच्या घरी लग्न असो, नाहीतर मठातला वर्षाचा प्रसाद असो, आदल्या दिवशी अक्काला निरोप यायचा. ती धुतलेलं लुगडं नेसून जायची आणि मोठ्या परातीसमोर बसायची. विधवा बाईला लग्नघरात कुठं बसवायचं हे बाकीच्या घरांत जे काही असेल ते असो, मोहरीच्या परातीपाशी अक्काची जागा ठरलेली होती. तिथं तिला कुणी उठ म्हटलं नाही.

फेसण्याआधी निवडणं. ते तिनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं. पितळेचं ताट घ्यायचं, त्यात मूठभर मोहरी टाकायची आणि ताट जरासं तिरपं धरायचं. मोहरी गोल आणि गुळगुळीत, ती घरंगळत खाली येते. माती, काडी, किडका दाणा वर अडकून राहतो. आणि त्यांच्याबरोबर अडकतं पिवळ्या धोत्र्याचं बी. ते जवळजवळ मोहरीएवढंच आणि तसंच काळपट, पण अंगाला बारीक जाळी असलेलं.

"दिसायला बहीणच हाय," अक्कानं एक बी माझ्या तळहातावर ठेवून म्हटलं होतं. "पर हे पोटात गेलं तर पाय सुजतेत. माझी माय सांगायची."

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अन्नभेसळीचा धडा मी दरवर्षी घेते. मोहरीच्या तेलात धोत्र्याचं तेल मिसळलं तर काय होतं, ते कसं ओळखायचं, हे फळ्यावर लिहून देते. तेव्हा अक्काला मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, तुमची माय म्हणायची ते बरोबर आहे, पुस्तकातही तसंच आहे. ती म्हणाली, "मग तर तुला जास्तीच ठावं."

काही वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या डोक्यात लाकडी घाण्याच्या तेलानं घर केलं. मोबाईलवर कुणाचं तरी ऐकलं होतं की मोहरीचं तेल हृदयाला चांगलं. आमच्याकडं खरं तर करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल खातात. पण त्यानं विहिरीकडच्या पट्ट्यात हरभऱ्याऐवजी मोहरी पेरली. पीक चांगलं आलं. माघात त्या बाजूला सगळं पिवळंधमक दिसत होतं. बांधावरही पिवळंच होतं. ते कशाचं, हे मी गाडीवरून शाळेत जाता-येता पाहिलं असणार. थांबून काही पाहिलं नाही.

मोहरी घरी आली ती दीड पोतं. नेमकं त्याच दिवसांत अक्काच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही असं बजावलं होतं. डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन ती बाजेवर बसून असायची. उजव्या डोळ्यातही मोती होताच, त्याची पाळी नंतर.

"या वर्षी निवडायचं तुझ्याकडं," ती मला म्हणाली. "घाई करू नको. रोज चार ताटं केली तरी महिन्यात होतंय."

मला महिना नव्हता. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, पेपर काढायचे होते, प्रात्यक्षिकं होती. आणि घाण्यावाल्यानं नवऱ्याला दिवस दिला होता. मी चार दुपारी बसले. पाठ भरून यायची, ताट धरून मनगट दुखायचं. पाचव्या दिवशी पाहिलं तर पोत्यातली मोहरी जेमतेम चौथा हिस्सा कमी झालेली. मग मी चाळण घेतली. उरलेली सगळी मोहरी चाळून, सुपानं पाखडून टाकली. माती गेली, काड्या गेल्या. मोहरी स्वच्छ दिसायला लागली. धोत्र्याचं बी चाळणीतून मोहरीबरोबरच खाली पडतं हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आठवलं होतं. असून असून किती असेल, असं वाटलं.

संध्याकाळी अक्कानं बाजेवरून विचारलं, "झालं का गं?"

"झालं, अक्का."

"ताट तिरपं धरलं ना?"

"हाव."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अक्का दारात उजेडाला बसलेली. पुढं एक टोपली मोहरी, हातात ताट. रिकामं बसवत नव्हतं म्हणून तळाची टोपलीभर तिनं पुन्हा घेतली होती. मी ओरडले, डॉक्टरांनी काय सांगितलंय म्हणून. तिनं निमूटपणे ताट खाली ठेवलं. "दिसत तर काही न्हाई नीट," म्हणाली. मी ती टोपली पोत्यात ओतली.

तेल आलं, तीन मोठे डबे. गडद, उग्र वासाचं. उन्हाळ्यात अक्काचं फडकं निघालं आणि तिनं लोणचं घातलं. त्यात फेसलेली मोहरीही तीच आणि वरून ओतलेलं तेलही तेच. मामांनी चाखून सांगितलं, "आजवरची सगळ्यात जहाल झाली." ते तेल भाजीतही आलं, मामांच्या गुडघ्यांनाही लागलं. मला त्या वासानं मळमळायचं, म्हणून मी माझ्या डब्याची भाजी जुन्या तेलात करायची. नवऱ्याचं दुपारचं जेवण उदगीरच्या त्याच्या दुकानावर असायचं. तिन्ही त्रिकाळ ते तेल खाणारी दोनच माणसं होती, मामा आणि अक्का.

आषाढात मामांच्या पायांवर सूज दिसली. वय झालं, उभं राहणं जास्त होतं, असं वाटलं. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मग दोघांनाही जुलाब सुरू झाले. पावसाळ्याचं पाणी, असं म्हटलं. मग एके दिवशी अक्का पाय पसरून बसली होती आणि मी पाहिलं, तिच्या घोट्यांचं हाड दिसेना. कातडी लाल, तुळतुळीत झालेली. "आग होऊन राहिली," ती म्हणाली, "मिरच्या चोळल्यावानी." मामांना मठापर्यंत चालताना तीनदा बसावं लागायला लागलं. श्वास पुरेना.

आम्ही दोघांनाही लातूरला एका दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मामांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मग अक्काच्या पायावर दाबला. तिथंही तसाच.

"एका घरातली दोन माणसं," ती म्हणाली. "स्वयंपाकाला तेल कोणतं वापरता?"

माझा नवरा अभिमानानं म्हणाला, "घरच्या मोहरीचं. लाकडी घाण्याचं. बाहेरचं काही न्हाई."

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजपासून ते बंद. लोणचं, मोहरी, मालिशसुद्धा. आणि ते तेल तपासून घ्या."

मी तिथं खुर्चीत बसले होते. ती पुढं काय काय बोलली ते नवऱ्याला नंतर विचारावं लागलं.

तेल मीच तपासलं. मामांना दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, अक्काला औषधं देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी छोट्या बाटलीत तेल घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. परीक्षानळीत थोडं तेल, त्यावर नायट्रिक आम्ल, आणि हलवून उभी ठेवली. दरवर्षी मुलांना मी हे तोंडीच सांगते, करून दाखवायला भेसळीचं तेल कुठून आणायचं? आता माझ्या डोळ्यांसमोर आम्लाचा थर हळूहळू नारिंगी झाला, मग तांबडा. घंटा झाली तेव्हा मी नळी धुतली आणि तासाला गेले.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. मग घरात सांगितलं. नवरा दाराच्या उंबऱ्यावर बसलेला, अक्का बाजेवर पाय उशीवर ठेवून.

"तेलात धोत्रा आहे," मी म्हटलं. "मोहरीतूनच आलाय."

"पण मोहरी तर निवडली होती ना?" नवरा म्हणाला. मग त्यानं अक्काकडं पाहिलं. "वहिनी, तुम्ही ते डोळ्याचं फडकं बांधून बसला होतात... मी पाहिलं होतं दारात."

मोहरी निवडणं म्हणजे अक्का, हे घरात इतकं पक्कं होतं की त्याच्या मनात दुसरं नाव आलंच नाही.

"हाव," ती म्हणाली. "टोपलीभर मीच निवडली. एका डोळ्यानं. मला दिसत नव्हतं." तिनं पदर तोंडाला लावला. "त्यातूनच गेलं असंल. माझ्या हातानं मामांना..."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. मग तांब्या खाली ठेवून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तोंडातून निघालं ते असं: "जाऊ द्या अक्का. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

आजवर केलेल्या कोणत्याही गोष्टीची मला त्या वाक्याइतकी लाज वाटत नाही. मी तिला माफ केलं होतं. सगळ्यांसमोर.

नवऱ्यानं शेताकडं खड्डा खणून तेल ओतलं. लोणच्याच्या बरण्या अक्कानं स्वतः उचलून नेल्या, सुजलेल्या पायांनी, कुणाला हात लावू दिला नाही. गोष्ट गावात गेली. नवऱ्यानंच दूध घालायला गेल्यावर डेअरीवर सांगितली, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. वहिनींना दिसत नव्हतं, धोत्रा राहिला, वडील मरता मरता वाचले. एवढंच. गावानं त्यात आणखी थोडं घातलं.

कार्तिकात मठाचा प्रसाद होता. आदल्या दिवशी निरोप आला नाही. सकाळी अक्का लवकर न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि दारात बसली. मी शाळेत जाताना पाहिलं, परत आले तेव्हाही ती तिथंच होती. लोणचं बाजारातून प्लास्टिकच्या बादल्यांत आणलं होतं, असं शेजारणीनं मला सांगितलं. अक्काला मी ते सांगितलं नाही. तिला कळलं होतंच.

त्यानंतर ती हळूहळू स्वयंपाकातून बाजूला होत गेली. आधी निवडणं सोडलं. तांदूळही माझ्यासमोर ठेवायची. मग वरणात मीठ घातलं की मला हाक मारायची.

"जरा बघ गं. बरोबर हाय का?"

"बरोबरच असणार, अक्का. तुम्ही घातलंय."

"न्हाई, तू बघ. माझा काय भरवसा."

मी चमच्यानं वरण चाखायची आणि बरोबर आहे म्हणायची. रोज.

मामा घरी आले होते. सूज उतरली होती, पण चालताना दम लागायचा. आणि उजव्या डोळ्यासमोर धूर आल्यासारखं दिसायचं. संक्रांतीच्या थोडं आधी आम्ही त्यांना पुन्हा लातूरला नेलं. डोळ्यातला दाब वाढला होता, आतली नस सुकत चालली होती. ते त्याच विषामुळं, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येणार नव्हती.

घरी आल्यावर अक्कानं तिची पेटी काढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला बसली.

"लेकीकडं जाते," ती म्हणाली. "कायमची. मामांच्या समोर बसवत न्हाई मला. ते घास घेताना चाचपडतेत, अन् मी बघून राहिले."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. चार दुपारी बसले, मग कंटाळले, मग चाळण घेतली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. टोपलीभर तुमची होती, पण पोती माझी होती.

ती घडी घालत राहिली. मग थांबली.

"किती निवडलीस?"

"चौथा हिस्सा असेल."

"अन् बाकीची चाळली."

"हाव."

"चाळणीतून ते बी पडतंय. तुला ठावं होतं."

"होतं."

"बरं, ते असू दे. कामाचा कंटाळा कुणाला येत न्हाई? मलाबी आलाय कितीदा." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "पर त्या दिवशी मी रडून राहिले तवा तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तो हात कसा फिरला गं तुझा?"

मी जमिनीवर पडलेलं एक लुगडं उचलून तिच्यापुढं धरलं.

"जा," ती म्हणाली. "मामांना सांग. नवऱ्याला सांग. मी इथंच बसते."

मामा ओसरीवर उन्हाला बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसायची हिंमत झाली नाही. ते ऐकताना मान खाली घालून काठीचं टोक फरशीवर फिरवत होते.

"थोरलीला सांगितलं?"

"आत्ताच सांगितलं, मामा."

"माझा डोळा काय, वय झालंय," ते म्हणाले. "पर सहा महिने ती पोर माझ्या ताटासमोर मान वर करत न्हाई. मी तिला म्हणून म्हणून थकलो की मला राग न्हाई म्हणून. तिला ते खरं वाटेना. तू रोज वाढत होतीस. तुला दिसत होतं."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज थकलेला होता. मग त्यांनी मान वळवून आत हाक दिली, "थोरले, पाणी दे गं." अक्का पाणी घेऊन आली. मी तिथून निघाले.

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाला, "बांधावर धोत्रा होता. मी बघितला होता. कापायचा राहून गेला." एवढं बोलून तो उठला. त्याला ते माझ्यासाठी बोलायचं होतं की स्वतःसाठी, मला कळलं नाही. नंतर तो अक्काच्या पाया पडला. अक्कानं त्याला उठवलं.

अक्का लगेच गेली नाही. पेटी तिनं परत कपाटाखाली सरकवली. मला वाटलं, आता गावातलं तेवढं निस्तरायचं राहिलं. घरात सांगितलं तसं बाहेर सांगायचं. ते मीच करायला हवं होतं, आणि मी केलं. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. पहिल्याच घरी, दहा-बारा बायका बसलेल्या असताना, मी सांगून टाकलं. मोहरी अक्कानं नाही, मी निवडली होती, आणि मी नीट निवडली नव्हती.

मग घरमालकीण पुढं झाली आणि तिनं माझ्या हातात तिळगूळ ठेवला.

"मॅडम, लई मोठं मन हाय तुमचं," ती म्हणाली. "जावेसाठी कोण असं अंगावर घेतंय?"

मला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, अंगावर घेत नाही, खरंच मीच. दुसरी म्हणाली, "हाव हाव, कळतंय आम्हाला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी आणखी दोन घरी सांगितलं, डेअरीवर सांगितलं, शाळेत सोबतच्या बाईंना सांगितलं. जितकं जोर देऊन सांगावं तितकं लोकांना वाटे, बघा, किती करते जावेसाठी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडून असलं होणं शक्य नाही, आणि अर्ध्या आंधळ्या म्हातारीकडून होणं अगदी शक्य आहे. गावानं एकदा जी गोष्ट ऐकली होती तीच त्याला पटत होती. फरक एवढाच पडला की आता त्या गोष्टीत मी चांगली झाले.

चैत्रात शेजारच्या घरी लग्न होतं. अक्का आणि मी दोघी गेलो होतो. मोहरीच्या परातीपाशी दुसरीच कुणी बाई बसली होती. अक्का मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली. नवरीची मावशी आमच्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि अक्काला म्हणाली, "नशीब काढलंत हो, अशी जाऊ भेटली. तुमची चूक आपल्या डोक्यावर घेऊन गावभर सांगून राहिली."

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "व्हय. नशीबच."

घरी येताना रस्त्यात मी म्हटलं, "अक्का, मी उद्या त्यांच्या घरी जाऊन पुन्हा सांगते. मामांना सोबत नेते. मामांनी सांगितलं तर ऐकतील."

ती थांबली. उजव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं तोवर, माझ्याकडं तिनं दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिलं.

"आता गप बस," ती म्हणाली. "जितकं सांगून राहिलीस तितकी तू मोठी होऊन राहिलीस. अन् मी तितकी खाली."

मी सांगणं बंद केलं.

त्या उन्हाळ्यात तिच्या लेकीला दिवस गेले, त्रास होत होता, म्हणून अक्का लातूरला गेली. बाळंतपण झालं, नात झाली. चार महिन्यांसाठी गेलेली ती तिकडंच राहिली. भांडण नाही, रुसवा नाही. सणाला येते, चार दिवस राहते, अंगणात मामांजवळ बसून त्यांच्याशी बोलते. बीदरकडच्या तिच्या माहेरच्या जुन्या गोष्टी, पिकांच्या, कोण गेलं कोण राहिलं त्याच्या. मामा हसतात. मी चहा नेऊन दिला की घेते. माझ्या शाळेचं विचारते. जे विचारायचं ते सगळं विचारते.

विहिरीकडच्या पट्ट्यात नवऱ्यानं पुन्हा हरभरा घातला. बांध तो आता स्वतः साफ करतो, मजुरावर सोडत नाही.

दर रविवारी सकाळी लातूरहून फोन येतो. मामांना मोबाईल नीट दिसत नाही, म्हणून तो मीच उचलते. पलीकडून नातीचा आवाज येत असतो, भांडी वाजत असतात. मी म्हणते, "अक्का, बऱ्या आहात ना?" ती म्हणते, "बरी हाय. तू बरी?" मी बरी म्हणते. मग थोडी शांतता होते, आणि त्या शांततेत दर वेळी मला वाटतं की आता ती काहीतरी बोलेल, किंवा मी बोलेन.

"मामांना दे," ती म्हणते.

मी ओसरीवर जाऊन फोन मामांच्या कानाला लावते, त्यांच्या हाताला तो नीट सापडला की आत येते.